स्पेशालिटी कॉफी : कौटुंबिक मळ्यातील उत्पादन

एका ठरावीक मळ्यात पिकलेल्या, तोडणीपासून वाळवणीपर्यंत वेगळ्या सांभाळलेल्या आणि दोष व चव या दोन्ही कसोट्यांना उतरलेल्या कॉफीला स्पेशालिटी कॉफी म्हणतात. कच्च्या बियांच्या 350 ग्रॅम नमुन्यात एकही मोठा दोष नसावा, किरकोळ दोष पाचांहून अधिक नसावेत आणि प्रशिक्षित परीक्षकांच्या चवचाचणीत 100 पैकी किमान 80 गुण मिळावेत, अशी अट या व्यापारात दीर्घकाळ रूढ आहे. भारतात ही कॉफी मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या जिल्ह्यांतून येते. देशातील सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी भाषकांच्या दृष्टीने ती आपल्या राज्यातली असली, तरी आपल्या शिवारातली नव्हे.

भारतीय कॉफी म्हटले की मोठ्या इस्टेटी आणि त्यांचे बंगले डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात देशातील जवळजवळ 99 टक्के मळे 10 हेक्टरांहून लहान आहेत आणि त्यांतील बहुतेक एकेका कुटुंबाकडे आहेत. तरीही या कुटुंबांचे नाव कित्येक दशके ग्राहकापर्यंत पोहोचत नव्हते, याचे कारण विक्रीच्या व्यवस्थेत होते. 1942 च्या कॉफी कायद्यानंतर घरगुती वापर आणि बियाणे यांपुरता भाग वगळता बागायतदाराने आपला सगळा माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करायचा, मंडळाने तो लिलावाने विकायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे, अशी पद्धत होती. पडत्या बाजारात तिने लहान शेतकऱ्याला आधार दिला, हे मान्य करावे लागेल. पण जिवापाड निगा राखलेला माल आणि कसाबसा वाळवलेला माल एकाच प्रतीच्या ढिगात मिसळत असल्याने अधिक कष्ट घेण्याचे प्रयोजन उरत नव्हते. 1992 पासून हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत 1996 पर्यंत संपले, आणि स्वतःच्या मळ्याच्या नावाने कॉफी विकणे कुटुंबाला शक्य झाले. आजच्या स्पेशालिटी कॉफीचा भारतातील पाया या बदलात आहे. शहरांतील नव्या कॉफीगृहांना त्याचे जे श्रेय दिले जाते, ते बरेचसे अनाठायी आहे.

सूफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगितली जाते. आज दोन जाती महत्त्वाच्या आहेत. अरेबिका साधारण 1,000 ते 1,500 मीटर उंचीवर चांगली येते आणि तिच्या चवीत आंबटगोड नाजूकपणा असतो. रोबस्टा 500 ते 1,000 मीटरच्या पट्ट्यात जोमाने वाढते, तिची चव भारदस्त व कडवट असते. अरेबिकाचे मोठे शत्रू म्हणजे तांबेरा आणि पांढरा खोडकिडा. 1925 मध्ये स्थापन झालेल्या बाळेहोन्नूर (जि. चिक्कमगळूर) येथील कॉफी संशोधन केंद्राने तांबेऱ्याला तोंड देणारे अनेक वाण दिले; त्यांतील एस. 795 आजही चवीसाठी नावाजला जातो, तर चंद्रगिरी हा वाण 2007 मध्ये लागवडीसाठी आला. झाडे पांगारा, सिल्व्हर ओक यांच्या सावलीत वाढतात आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. कॉफीचा भाव पडला की कित्येक घरे या मिरीवर तगतात.

दर्जा खऱ्या अर्थाने ठरतो तो तोडणीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लाल फळे असतात, त्यामुळे फांदी एकदम ओरबाडून न घेता तीन-चार फेऱ्यांत फक्त पिकलेली फळे खुडावी लागतात. मजुरी किलोवर दिली तर हात झपाट्याने चालतो आणि कच्ची फळे टोपलीत येतात. म्हणून दर्जा जपणारी कुटुंबे बहुधा रोजावर मजुरी देतात, किंवा किलोमागे जास्त दर देऊन टोपली तपासून घेतात. फळे पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ फळे काढली जातात. धुतलेल्या पद्धतीत त्याच दिवशी पल्पर या यंत्रावर साल उतरवतात, बियांवरचा चिकट गर आंबवून सुटा करतात, बिया धुतात आणि वाळवतात. आंबवण्याला थंड हवेत दीड दिवसही लागतो, उबदार रात्री मात्र निम्म्याहून कमी वेळ पुरतो, आणि काही तास जास्त झाले तर कपात शिळा आंबूस वास उतरतो. नैसर्गिक पद्धतीत अख्खे फळच सुकवतात. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात थर पातळ ठेवणे, दिवसातून अनेकदा हलवणे, दुपारच्या कडक उन्हात आणि रात्रीच्या दवात झाकणे ही कामे चुकवून चालत नाही, आणि अवकाळी पावसाची एक सर सगळ्यांवर पाणी फिरवू शकते. बियांतील ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आला की वाळवण थांबवतात. मालकाचे घर खळ्याला लागून असणे हा कौटुंबिक मळ्याचा इथे मोठा लाभ आहे, कारण अवेळी आभाळ भरून आले तर ताडपत्री ओढायला घरातील माणसे लगेच धावतात. उलट, मालाचा लहान गट (लॉट) वेगळा ठेवून टरफल काढून देणारी गिरणी मिळवणे, चवीची चाचणी करून घेणे आणि खरेदीदार गाठणे यांत हेच कुटुंब दुबळे पडते.

सीमाभागात प्रामुख्याने चहा प्यायला जातो. कॉफीची ओळख झाली ती उडुपी हॉटेलांतील, चिकोरी (एका झाडाचे भाजून दळलेले मूळ) मिसळलेल्या फिल्टर कॉफीतून. लागवडीचा विचार करता बेळगाव शहराची उंची सुमारे 750 मीटर आणि मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीची सुमारे 800 मीटर आहे. खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस मुबलक आहे, पण उंची अरेबिकाला अपुरी असल्याने इथे विचार करावा तो रोबस्टाचाच. रोबस्टाला फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचे पाणी लागते, तर आपल्याकडचा वळीव बहुधा एप्रिल-मेमध्ये येतो, त्यामुळे तुषार सिंचनाशिवाय भरवशाचे पीक हाती लागणे कठीण. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसी, सिद्धापूरकडे सुपारीच्या बागांत कॉफी आंतरपीक म्हणून घेतात, आणि खानापूर-चंदगड पट्ट्यातील काजू बागायतदारांनी अनुभव घ्यायचा तर तो तिथला घ्यावा. कोडगूच्या उंच डोंगरांवरील अरेबिकाचा हिशेब इथे लागू पडणार नाही. काळजीपूर्वक केलेल्या रोबस्टालाही आता उत्तम दर्जाचे गुण मिळतात, ही या पट्ट्यासाठी महत्त्वाची गोष्ट आहे.

बेळगावात भाजलेली कॉफी आणि बेळगावात पिकलेली कॉफी यांत गल्लत होऊ नये. चांगल्या पाकिटावर मळ्याचे नाव, जिल्हा, उंची, वाण, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख असते. चिकोरीच्या मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान 51 टक्के असणे आणि ते पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. स्पेशालिटी कॉफीत मात्र चिकोरी घालत नाहीत.