चीनमधून यंत्रे मागवताना घ्यावयाची काळजी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि होनगा परिसरातील फाउंड्री व मशीनशॉप चालवणारे आमचे अनेक ग्राहक यंत्रे, साचे आणि सुटे भाग चिनी पुरवठादारांकडून मागवतात व त्यांची आयातीची कागदपत्रे आम्ही पाहतो. या कामातून आमचे मत पक्के झाले आहे की, रक्कम खात्यातून बाहेर पडण्यापूर्वी घेतलेली काळजीच उपयोगी पडते; माल न्हावा शेवा बंदरात उतरल्यावर हातात फारसे काही उरत नाही.

पहिली तपासणी नावाची करावी. चिनी कंपनीचे कायदेशीर नाव चिनी लिपीतलेच असते. माहितीपत्रकावर छापलेले इंग्रजी नाव तिने सोयीसाठी घेतलेले असते. म्हणून व्यवसाय परवान्याची प्रत मागून घ्यावी. त्यावरील १८ अंकाक्षरांचा संकेतांक चीन सरकारच्या उद्योगनोंदणीच्या सार्वजनिक संकेतस्थळावर तपासल्यास कंपनी चालू आहे का, ती केव्हा स्थापन झाली आणि तिच्या नोंदीत उत्पादन आहे की नुसता व्यापार, हे कळू शकते. परवान्यावरील नाव, करारावरील लाल गोल शिक्क्यातील नाव आणि बँक खातेदाराचे नाव एकच असले पाहिजे. खाते भलत्याच कंपनीचे किंवा एखाद्या व्यक्तीचे असेल, तर समाधानकारक लेखी खुलासा मिळेपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. खाते बदलल्याचा ईमेल आल्यास त्याला ईमेलनेच उत्तर न देता आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी, कारण अशा फसवणुकीतील ईमेल नेहमीच्या माणसाच्या पत्त्यावरूनच आल्यासारखा दिसतो.

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळाल्यावर पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची हमी) उघडली की चिंता मिटली, असा समज आपल्याकडे आढळतो. तो अपुरा आहे. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या एलसीविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक कागदपत्रे पाहते, माल पाहत नाही; कागद अटींप्रमाणे असतील, तर पेटीत बिघडलेले यंत्र असले तरी पैसे दिले जातात. यासाठी त्रयस्थ तपासणी संस्थेचा दाखला एलसीच्या आवश्यक कागदपत्रांत घालावा, आणि तपासणीत काय पाहायचे तेही आधी लिहून द्यावे. यंत्र असल्यास आपल्याच ड्रॉइंगप्रमाणे नमुन्याचा भाग त्यावर काढून मोजून घेण्याची अट आम्ही आग्रहाने सुचवतो.

आपल्या बिलांवर ‘वाद बेळगाव न्यायालयाच्या अधिकारकक्षेत’ असे छापलेले असते. चिनी पुरवठादाराशी केलेल्या करारात मात्र या वाक्यावर विसंबू नये, कारण येथील निकाल चीनमध्ये बजावून घेणे फार अवघड आहे. लवादाचा, म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या त्रयस्थाचा, निवाडा मात्र परदेशात बजावून घेता येतो: दोन्ही देश अशा निवाड्यांविषयीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहेत आणि भारताने २०१२ मध्ये चीनला त्यासाठी अधिसूचितही केले आहे. म्हणून करारात लवादाचे कलम, त्याचे ठिकाण आणि भाषा स्पष्ट लिहावी.

चिनी नववर्षाच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, तेथील कारखाने बंद असतात. हप्त्यांच्या तारखा ते पाहून ठरवाव्यात. चिनी कंपनीकडून भांडवल घ्यायचे असल्यास एप्रिल २०२० च्या नियमानुसार सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि अशी कंपनी भारतात सरकारी निविदा भरणार असल्यास जुलै २०२० च्या आदेशाप्रमाणे तिची आधी नोंदणी व्हावी लागते. अशा प्रस्तावांवर सही करण्यापूर्वी आपल्या चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावा.

आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (माल पाठवण्याआधी पुरवठादाराने दिलेले प्राथमिक बिल), परवान्याची प्रत आणि खात्याचा तपशील घेऊन आमच्या कार्यालयात यावे. तिन्ही नावे आपल्यासमोर जुळवून पाहिली जातील.