तारेतला पीळ

“पीळ मजबुतीसाठी असतो सर. दोरखंडाला असतो तसा.”

मुंबईत रे रोडच्या एका गोदामात टेलिफोनची केबल जोडायला आलेल्या मुलाला मी विचारलं होतं, आतल्या तारा दोन-दोन करून पिळलेल्या का असतात? त्याने हे उत्तर दिलं तेव्हा मला हसू आलं नाही. मी स्वतः डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत हेच समजत होतो. लॅन केबल (कॉम्प्युटर नेटवर्कला जोडायची वायर) कापून पाहिलेल्या कुणालाही विचारा, दहातले आठ जण मजबुती तरी म्हणतील, नाहीतर ‘जोड्या ओळखू याव्यात म्हणून’ म्हणतील. दुसरं उत्तर अर्धं तरी बरोबर आहे. पण खरं कारण इतकं देखणं आहे की त्यासाठी एक लेख खर्ची घालायला हरकत नाही.

काम साधं होतं. गोदामाच्या फाटकाशी ट्रकचा वजनकाटा आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिस, मध्ये सहाशे मीटर. काट्याचा आकडा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यायला हवा होता, आणि आता शेठना त्याबरोबर ट्रकच्या नंबरप्लेटचा फोटोही हवा होता. वायफायच्या वाटेत पत्र्याच्या शेड आणि कंटेनरच्या रांगा. फायबर टाकायचं तर सगळं आवार खणायचं, तेही जूनच्या तोंडावर. जमिनीखाली मात्र जुनी दहा पेअरची, म्हणजे तारांच्या दहा जोड्यांची, टेलिफोन केबल पडून होती, पूर्वीच्या इंटरकॉमची. म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून शॉर्ट रेंज मोडेमची जोडी आणली. इंटरनेटचा मोडेम कित्येक किलोमीटरवरच्या एक्सचेंजशी बोलतो, हा फक्त आवारातल्या आवारात, आपल्याच तांब्याच्या तारेवर. आता असे मोडेम जुन्या मालाच्या दुकानातच जास्त दिसतात, पण कारखाने, पाण्याचे पंप आणि लिफ्टच्या मशीनरूममध्ये त्यांचं काम अजून संपलेलं नाही.

मोडेम हवाच कशाला, काट्याची वायर थेट लांबवली तर? काट्याच्या मागे असतं ते आरएस-232 पोर्ट. 1960 साली आलेल्या या पद्धतीत एका तारेवर व्होल्टेज वरखाली होतं आणि ते मोजलं जातं जमिनीच्या, म्हणजे सामाईक ‘ग्राउंड’ तारेच्या तुलनेत. पंधरा-वीस मीटरपर्यंत ठीक. सहाशे मीटरवर दोन इमारतींच्या जमिनीच एका पातळीवर नसतात. इथला शून्य व्होल्ट आणि तिथला शून्य व्होल्ट यांत काही व्होल्टचा फरक सहज पडतो आणि जवळ वीज कोसळली तर तो हजारोंवर जातो. पावसाळ्याच्या पहिल्या गडगडाटात पोर्ट जळतात ती अशी.

तर मुद्दा जमिनीचा आहे. जमिनीवर भरवसा ठेवायचा नसेल तर काय करायचं?

रे रोडपासून भाऊचा धक्का लांब नाही. तिथे बांधलेल्या एखाद्या होडीत दोन माणसं शेजारीशेजारी उभी आहेत, एक उंच आणि एक बुटका. तुम्ही धक्क्यावर उभे राहून उंच माणसाच्या डोक्याची पातळी मोजू लागलात तर लाटेगणिक आकडा बदलेल. पण तुम्ही दोन डोक्यांमधला फरक मोजलात तर? लाट दोघांनाही सारखंच वर नेते, सारखंच खाली आणते. फरक जिथल्या तिथे.

मोडेम नेमकं हेच करतो. एका तारेवर +1 व्होल्ट पाठवतो तेव्हा जोडीतल्या दुसरीवर −1. पलीकडचा मोडेम जमिनीकडे बघतच नाही, फक्त दोघींची वजाबाकी करतो: 1 − (−1) = 2. आता बाहेरून 5 व्होल्टचा गोंगाट घुसला. तारा झाल्या 6 आणि 4. वजाबाकी? पुन्हा 2. गोंगाट गाळायला फिल्टर नाही, चिप नाही, इयत्ता दुसरीतली वजाबाकी पुरते.

पण यात एक अट दडलेली आहे. गोंगाट दोन्ही तारांवर अगदी सारखा यायला हवा. होडी तिरकी झाली तर? एका कडेचा माणूस जास्त वर जाईल, दुसरा कमी. मग फरकही बदलेल. उपाय एकच, दोघांनी सतत जागा बदलत राहायचं. आत्ता तू डावीकडे, मग मी. दिवसअखेर दोघांच्या वाट्याला सारखेच धक्के.

हाच पीळ.

याचं गणित फॅरडेच्या नियमात आहे, शाळेत वाचलेल्या. तारांनी वेढलेल्या क्षेत्रातून बदलतं चुंबकीय क्षेत्र गेलं की तारांत व्होल्टेज तयार होतं, आणि क्षेत्रफळ जितकं मोठं तितकं व्होल्टेज जास्त. सहाशे मीटरच्या दोन तारा एकमेकींपासून फक्त एक मिलिमीटर अंतरावर सरळ समांतर टाकल्या तरी त्यांच्यामधलं क्षेत्रफळ 0.6 चौरस मीटर भरतं. म्हणजे 45 इंची टीव्हीच्या पडद्याएवढा सापळा आपणच गोंगाटासाठी लावून ठेवला. आता समजा दर दहा सेंटिमीटरला एक पूर्ण पीळ दिला. दर पाच सेंटिमीटरला तारा जागा बदलतात, त्या मोठ्या सापळ्याचे बारा हजार चिमुकले फासे होतात. पहिल्या फाशात तयार झालेलं व्होल्टेज तारेत पुढे ढकलतं, दुसऱ्यातलं मागे, तिसऱ्यातलं पुढे. शेजारी-शेजारी एकमेकांना खातात. आदर्श पिळात उरलाच तर एखादा फासा उरेल, अर्धा चौरस सेंटिमीटरचा, पोस्टाच्या तिकिटाहून लहान. खरा पीळ इतका आदर्श नसतो, पण सापळा कितीतरी पटींनी आकसतो हे नक्की.

टेलिफोनवाल्यांना हे फार लवकर सुचलं, कारण त्यांचा कान किटला होता. सुरुवातीचे टेलिफोन एकाच तारेवर चालत, परतीची वाट जमिनीतून. मग शहरांत विजेच्या ट्रामगाड्या आल्या, त्यांचाही करंट जमिनीतून परतू लागला आणि रिसीव्हरमध्ये बोलण्याऐवजी घरघर ऐकू येऊ लागली. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने तर ट्रामचा त्रास वाढण्याआधीच, 1881 साली, तारांच्या जोडीच्या सर्किटचं पेटंट घेतलं होतं. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज आलं ते पेटंटच्या पुढच्या वर्षी, आणि विजेची ट्राम 1907 मध्ये. रेल्वेच्या कडेने खांबांवरून जाणाऱ्या उघड्या तारा ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवत असेल, मधल्याच एखाद्या खांबावर दोन तारा एकमेकींच्या जागा घेत. तो खांबाखांबांत ताणलेला पीळच होता.

आता गोदामातली जोडणी. मोडेम चार तारांचा होता, म्हणजे पाठवायला एक पेअर आणि घ्यायला एक. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं: इकडची पाठवण्याची पेअर तिकडे घेण्याच्या खुंट्यांवर. त्यातल्या त्यात एक सुख म्हणजे पेअरमधली तार उलटसुलट लागली तरी या मोडेमला चालतं. तो व्होल्टेज धन की ऋण हे वाचत नाही, बिटच्या वेळात ते कुठे पालटलं हे वाचतो. प्रत्येक बिटच्या सीमेवर पालट होतोच, ‘शून्य’ असेल तर बिटच्या मध्यावर आणखी एकदा. त्यामुळे ओळीने हजार ‘एक’ आले तरी तारेवर स्थिर व्होल्टेज राहत नाही, आणि म्हणून मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून दोन्ही इमारतींचा विजेचा संबंध पूर्ण तोडता येतो. ट्रान्सफॉर्मरमधून फक्त बदल पलीकडे जातो, जमिनींचा स्थिर फरक अलीकडेच अडकतो. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, पुढचं अडणार नाही.)

बाकी सेटिंग डब्याखालच्या बारीक डिप स्विचची. वेग, आठ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही. सिंक्रोनस मोडेम (दोन्ही टोकं एकाच घड्याळावर चालणारा) असेल तर घड्याळ एकाच टोकाने द्यायचं आणि दुसऱ्याने येणाऱ्या सिग्नलवरून ताल धरायचा. दोघांनीही आपापला टाळ धरला की भजन बिघडतं.

पेअर तपासताना पलीकडच्या टोकाला दोन तारा जोडल्या आणि अलीकडून रोध मोजला. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याला जाऊन-येऊन किलोमीटरला पावणेदोनशे ओहमच्या आसपास रोध असतो, म्हणजे सहाशे मीटरला शंभर-एकशे दहा. तेवढाच आला. मुलाने मल्टिमीटरचा बीप ऐकवला. “सगळं ओके सर.”

सेकंदाला 9600 बिटच्या वेगावर खरंच ओके होतं. पण 50 किलोबाइटचा फोटो या वेगाने जायला 52 सेकंद लागतात, आणि मागचा ट्रकवाला इतका वेळ हॉर्न वाजवल्याशिवाय राहत नाही. 1,15,200 वर तोच फोटो साडेचार सेकंदांत जायला हवा. वेग वाढवला आणि कचरा येऊ लागला. फोटोचा वरचा तुकडा धड, खाली रंगांची खिचडी. आकडाही मधूनच भलता.

माझं पहिलं बोट रेल्वेकडे गेलं. आवाराच्या भिंतीपलीकडे हार्बर लाइन. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला याच मार्गावर व्हीटी ते कुर्ला धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. 2016 मध्ये हार्बर 25,000 व्होल्ट एसीवर गेली. डीसीचं चुंबकीय क्षेत्र बरंचसं स्थिर, ते बाजूच्या तारेला फारसं छळत नाही. एसीचं सेकंदाला पन्नास आवर्तनं घेतं, आणि फॅरडेला फक्त बदल कळतो. सगळं जुळत होतं. मी अगदी ऐटीत शेठना हे समजावून सांगितलं.

मग रात्री अडीचला, लोकल बंद असताना, चुका मोजल्या. तेवढ्याच! माझा सिद्धांत तिथेच गार पडला. थोडा विचार केला असता तर आधीच पडला असता: 50 आवर्तनांची लाट या मोडेमच्या बिटांपुढे इतकी संथ आहे की ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागचं सर्किट तिला दारातच थांबवतात.

दरम्यान काट्यावरच्या मामांनी जंक्शन बॉक्सला लिंबू-मिरची बांधली होती. त्यांच्यावर रागावत नाही, माझा रेल्वेचा सिद्धांत तरी काय वेगळा होता? पण मी माझा रात्री अडीचला तपासला आणि फेकला. लिंबू-मिरचीची अशी परीक्षा कुणी घेत नाही, शनिवारी नवी बांधतात. तीच गोष्ट सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलची, जी दुकानदाराने मला दोनदा सुचवली. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग. गोंगाटाला त्याचं काही वाटत नाही.

खरं लक्षण दुसरंच होतं. एकच टोक बोलत असलं की कितीही वेगाने सगळं सुरळीत. दोन्ही टोकं एकदम बोलू लागली की गोंधळ. म्हणजे गोंगाट बाहेरचा नव्हता, आमचाच होता.

क्रोनचं मोड्यूल, म्हणजे तारा ठोकून बसवायची पट्टी, उघडलं. पहिल्या पेअरमध्ये पांढरी-निळी, दुसरीत पांढरी-नारिंगी. मुलाने दोन्ही टोकांना दोन पांढऱ्या एका जोडीत बसवल्या होत्या, निळी आणि नारिंगी दुसरीत. रंगाला रंग! बीप येणारच, तांबं तर सलग आहे. रोधही तोच. पण पाठवण्याची एक तार घेण्याच्या एका तारेभोवती सहाशे मीटर पिळलेली. बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या मिठीत, आणि ज्यांनी एकत्र फिरायचं त्या दोघी परक्या. याला स्प्लिट पेअर म्हणतात. पिळलेल्या दोन तारा म्हणजे लांबच लांब कपॅसिटरच (विजेचा भार साठवणारी जोडी), आणि वेग वाढला तसं कपॅसिटरमधून पलीकडे झिरपणंही वाढतं. म्हणून 9600 ला निभावलं, बारा पट वेगाला नाही.

रोध मोजून हे कळत नाही, कपॅसिटन्स मोजून कळतं. खऱ्या जोडीदार तारांमध्ये किलोमीटरला साधारण 50 नॅनोफॅरड असतात, म्हणजे आमच्या केबलला 30 च्या आसपास. दोन पांढऱ्यांमध्ये त्याहून बरंच कमी भरलं. पांढरीला निळी, पांढरीला नारिंगी, पुन्हा क्रोन टूलने ठोकलं. दहा मिनिटांचं काम. फोटो साडेचार सेकंदांत.

हीच चूक तुमच्या घरात असू शकते. लॅन केबलमध्ये चार पेअर असतात आणि प्रत्येकीचा पीळ कमीजास्त ठेवलेला असतो, कारण दोन पेअर एकाच तालावर वळल्या तर त्यांचे फासे समोरासमोर येऊन एकमेकींचं ऐकू लागतील. टोकाशी पीळ 13 मिलिमीटरहून जास्त सोडायचा नाही, असा दंडक आहे. आणि टोकाच्या प्लॅस्टिकच्या क्लिपमधल्या आठ खुंट्यांत 3 आणि 6 ही एक पेअर आहे, मध्ये 4 आणि 5 दुसरी. ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून घरी क्लिप मारणारे अनेक जण 1-2, 3-4, 5-6, 7-8 असे ओळीने रंग लावतात. दोन्ही टोकांना सारखे लावले की स्वस्त टेस्टरचे आठही दिवे हिरवे लागतात. लांब वायरीवर मग इंटरनेट रडतखडत चालतं आणि बोलणी बसतात कंपनीला. फोन करण्याआधी क्लिपकडे एकदा बघा. तिसऱ्या जागी पांढरी-हिरवी असेल तर सहावीवर हिरवी हवी, चौथीवर नव्हे.