एकाच आराखड्याच्या होड्या: डब्लिनच्या वॉटर वॅगची पार्श्वभूमी

डब्लिन शहराच्या दक्षिणेला डन लेरी नावाचं बंदर आहे. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर बुधवारी संध्याकाळी या बंदराच्या दोन लांबलचक धक्क्यांमधल्या पाण्यात लहान लाकडी होड्या शर्यतीला उतरतात. लांबी सव्वाचौदा फूट, म्हणजे 4.34 मीटर. होडीत दोन माणसं. या होड्यांना वॉटर वॅग म्हणतात. हंगामाच्या निकालात पॅन्सी, मॉली, पेनेलोप, टॉरटॉइज अशी होड्यांची नावं आणि त्यांच्यासमोर आकडे दिसतात. बाहेरच्या माणसाला त्यातून फारसं काही कळत नाही. ते कळायला 1887 साली काही लोकांनी आपसात केलेला एक करार माहीत असावा लागतो. तो करार आजही पाळला जातो, आणि जगभरच्या शिडाच्या शर्यतींचं आजचं रूप बरंचसं त्यातूनच आलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात शिडाच्या होड्यांची शर्यत हा पैशाचा खेळ होता. प्रत्येकाची होडी वेगळी. कुणाची लांब, कुणाची रुंद, कुणाचं शीड अवाढव्य. अशा होड्या एकत्र सोडायच्या तर लहान होडीला वेळेची सूट द्यावी लागे, आणि ती किती द्यायची यासाठी मोजमापाची सूत्रं बनत. ब्रिटनच्या यॉट रेसिंग असोसिएशनने 1886 मध्ये होडीची पाण्यातली लांबी आणि शिडाचं क्षेत्रफळ यांवर आधारलेलं नवं सूत्र स्वीकारलं. सूत्र आलं की त्यातल्या फटी शोधणारेही आले. फट सापडली की त्या बेताची नवी होडी बांधून घ्यायची, एकदोन हंगाम जिंकायचे, आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी आणखी नवी होडी आणली की आपली मातीमोल भावाने विकून टाकायची. ज्याच्या खिशात दरवर्षी नव्या होडीचे पैसे नाहीत, त्याने कितीही चांगलं सुकाणू धरलं तरी तो मागेच राहणार.

हे मोठ्या यॉटपुरतंच होतं असंही नाही. किनाऱ्यावरच्या लहान उघड्या होड्यांतही तेच शिरलं होतं. डन लेरीपासून काही किलोमीटर दक्षिणेला किलायनी आणि शँकिल हा किनारा आहे. तिथल्या शँकिल कोरिंथियन सेलिंग क्लबमधल्या थॉमस मिडलटन यांना हे खुपत होतं. त्यांनी 1886 मध्ये एक साधी सूचना मांडली. सगळ्यांनी एकाच आराखड्याच्या होड्या बांधून घ्याव्यात. आकार तोच, शीड तेच. होडीच सारखी असली की वेळेची सूट नको, गणित नको, मोजणीदाराशी वाद नको. जो आधी पोहोचेल तो जिंकला. 1887 मध्ये या विचारावर वॉटर वॅग क्लब उभा राहिला. जगातला सर्वांत जुना वन-डिझाइन वर्ग, म्हणजे एकाच आराखड्याच्या होड्यांचा गट, म्हणून तो आज ओळखला जातो.

आपल्याला ही कल्पना इतकी सहज वाटते की तिचं नवेपण चटकन जाणवत नाही. त्यासाठी कोकणातला होडी बांधणारा सुतार आठवून पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या हे काम कागदावरच्या नकाशाशिवाय होत आलं आहे. लाकूड जसं मिळेल, गिऱ्हाईक जसं सांगेल आणि डोळ्याला जसं दिसेल तशी होडी आकार घेते. त्यामुळे एकाच हाताच्या दोन होड्या सारख्या नसतात, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. मासेमारीला त्याने काही बिघडत नाही, उलट तांडेल आपल्या होडीचा स्वभाव ओळखून असतो. युरोपातही लहान होड्या बऱ्याचशा अशाच बनत. मुद्दाम सारख्या होड्या बांधायच्या आणि त्या सारख्याच राहतील यासाठी सगळ्यांनी स्वतःवर बंधन घालून घ्यायचं, हा विचार त्या काळी खरोखर वेगळा होता.

पहिली होडी ईव्हा. डब्लिनच्या रॉबर्ट मॅकअलिस्टर यांनी ती बांधली. तेरा फुटांची, नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या होड्यांसारखी पुढेमागे दोन्हीकडे निमुळती होत गेलेली. या आकाराला कारण होतं. शँकिलच्या किनाऱ्यावर बंदर नाही. होडी पुळणीवरून ढकलत लाटांत न्यायची आणि परत येताना लाटांतूनच ओढून वर आणायची. मागची बाजू निमुळती असली की पाठीमागून येणारी लाट फुटून बाजूंना जाते, आत येत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालायचं तर होडीखाली पाण्यात खोलवर काहीतरी हवं, नाहीतर ती कडेला वाहवत जाते. पण खाली कायमचा खोल कणा असेल तर ती पुळणीवर कशी आणणार? म्हणून मधोमध एक खाच ठेवून तिच्यातून लोखंडी फळी खाली सोडायची आणि किनारा आला की वर ओढून घ्यायची अशी सोय केलेली होती. मला ही होडी फार आवडते. तिच्यात दिखाऊ असं काही नाही, जागेची अडचण पाहून केलेली ती होडी आहे.

पुढे हा वर्ग शँकिलच्या पुळणीवरून बंदरात आला. बंदराचं नाव तेव्हा किंग्सटाउन होतं. मुळात हे डनलेरी नावाचं कोळ्यांचं गाव. 1807 च्या नोव्हेंबरमध्ये रॉचडेल आणि प्रिन्स ऑफ वेल्स ही दोन जहाजं वादळात डब्लिनच्या उपसागरात फुटली आणि सुमारे चारशे माणसं बुडाली. त्या दुःखातून सुरक्षित बंदराची मागणी पुढे आली आणि 1817 मध्ये बांधकाम सुरू झालं. डॉल्कीच्या खाणीतल्या ग्रॅनाइटचे दोन धक्के समुद्रात गेले. पूर्वेचा सुमारे 1.3 किलोमीटरचा, पश्चिमेचा त्याहून लांब. 1821 मध्ये राजा चौथा जॉर्ज येऊन गेला म्हणून गाव किंग्सटाउन झालं, आणि 1920 मध्ये जुन्या आयरिश नावाकडे परतलं.

वॉटर वॅगच्या दृष्टीने या इतिहासातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे धक्क्यांनी अडवलेलं शांत पाणी. दुसरी म्हणजे रेल्वे. डब्लिन ते किंग्सटाउन ही गाडी 1834 च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा शहरात काम करणारा माणूस ऑफिस सुटल्यावर गाडीत बसून संध्याकाळी बंदरावर पोहोचू शकत होता. रॉयल आयरिश, रॉयल सेंट जॉर्ज, नॅशनल हे तिन्ही यॉट क्लब मिडलटन यांच्या आधीच इथे उभे होते. लहान होड्यांच्या नियमित शर्यती भरवणारा डब्लिन बे सेलिंग क्लबही 1884 मध्ये निघाला होता.

बंदरात आल्यावर जुना आकार अपुरा वाटू लागला. पुळणीवरून लाटांत शिरायचं नव्हतं, मग दोन्हीकडे निमुळती होडी कशाला? सभासदांना थोडी मोठी आणि वेगवान होडी हवी होती. 1900 मध्ये क्लबने नवा आराखडा स्वीकारला, तोच आजचा सव्वाचौदा फुटांचा. मागची बाजू आता सपाट आडव्या फळीची झाली. आराखडा किंग्सटाउनचे होडी बांधणारे जेम्स डॉईल यांच्या नावावर नोंदला गेला, पण तो काढला त्यांच्या मुलीने, मेमी डॉईलने, असं आता मानलं जातं. त्या काळी होडीचा आराखडा करणारी स्त्री ही विरळाच गोष्ट होती. सव्वाशे वर्षं त्याच रेषांवर होड्या बांधल्या जात आहेत, त्यामुळे तिचं नाव प्रत्येक वेळी उच्चारलं जावं असं मला मनापासून वाटतं.

बांधणी आजही लाकडाची. कौलं जशी एकावर एक चढवतात तशा फळ्या कडांवर एकमेकींवर येतात आणि तांब्याच्या खिळ्यांनी जोडल्या जातात. आपल्याकडच्या मचव्यात फळीची कड फळीला भिडवून जोडतात, हा त्यापेक्षा वेगळा मार्ग. डोलकाठी आखूड असते आणि मोठ्या शिडाच्या वरच्या भागाला एक लांब काठी धरून ठेवते. ती दोरीने वर चढवली की डोलकाठीला समांतर उभी राहते. कोकणातल्या माणसाला परबाणाची, म्हणजे तिथल्या होड्यांचं शीड धरणाऱ्या आडव्या काठीची, आठवण होईल, पण परबाण तिरकं झुकतं, ही काठी जवळजवळ सरळ उभी असते. पुढे एक लहान शीड, आणि वारा पाठीमागून असताना उघडायचं फुगीर शीड.

बुधवारचं गणित उजेडावर आहे. जूनच्या मध्यावर डब्लिनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. कामावरून आल्यावर दोन शर्यती निवांत होतात. निकाल लावण्याची पद्धत लहान होड्यांच्या शर्यतींत सगळीकडे असते तशी: पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि हंगामाअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी तो पुढे. काही वाईट शर्यती वगळायची मुभा असते. त्यामुळे एखाद्या बुधवारी पहिलं येऊन भागत नाही, सतत दुसरं-तिसरं येणारा बहुतेकदा हंगाम घेऊन जातो. सुकाणूवरच्या माणसाच्या आजवरच्या कामगिरीनुसार होड्यांचे गटही पाडले जातात. जे नेहमी मागे असतात त्यांनाही आपल्या तोलाच्या माणसांशी झुंजायला मिळतं.

बंदराच्या आतली शर्यत ही वेगळीच परीक्षा आहे. पश्चिमेचा वारा गावाच्या छपरांवरून येतो तो तुटक येतो. एका जागी झोत, दहा मीटरवर शांतता. ज्यांना वळसा घालायचा ते तरंगते बोये जवळजवळ, म्हणून दर थोड्या वेळाने वळावं लागतं, आणि एका वळणावर चुकलं तर चार होड्या पुढे निघून जातात. मोठ्या समुद्रात ती चूक भरून काढायला वेळ असतो, इथे नसतो. हे सगळं पूर्व धक्क्यावर फिरायला आलेल्या माणसांना हाकेच्या अंतरावरून दिसतं.

या कराराची एक बाजू मात्र मिडलटन यांनी हिशेबात धरली नसावी. त्यांना सगळ्यांना परवडणारी होडी हवी होती. आराखडा आणि बांधणी गोठवली, म्हणून शंभर वर्षांची होडी आजही नव्या होडीच्या बरोबरीने शर्यतीत उतरते, आणि दरवर्षी नवी होडी आणून जिंकण्याचा खेळ खरोखर थांबला. पण हाताने एकेक फळी बसवून केलेली लाकडी होडी आता स्वस्त राहिलेली नाही. फायबरच्या होडीपेक्षा तिची देखभालही जास्त. माझ्या मते हा सौदा तरीही योग्य होता. होडी महाग झाली पण टिकली. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते, आणि तिला सांभाळण्यासाठी लाकडाचं हे काम जाणणारे हात शिल्लक राहतात.

आयर्लंडमध्ये या कल्पनेची पालवी लगेच फुटली. डब्लिनच्या उत्तरेकडच्या हौथ बंदरातल्या सतरा फुटी होड्या 1898 मध्ये आल्या आणि आजही शर्यतीत आहेत. 2018 च्या मार्चमध्ये एमा वादळाने त्यांतल्या सात होड्यांची नासधूस केली, तेव्हा त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी हौथची माणसं झटली. शॅनन नदीवरचा वर्ग 1922 चा, डब्लिन बे मरमेड 1932 ची. बाहेरच्या जगात एंटरप्राइज, फायरबॉल, लेझर या वर्गांच्या होड्या सगळ्या त्याच वाटेने आलेल्या. डन लेरीच्या नॅशनल यॉट क्लबची ॲनालिस मर्फी हिने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं तेही अशाच एकसारख्या होड्यांच्या शर्यतीत.

मुंबईलाही ही वाट ओळखीची आहे. 1982 च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या बंदरात झाल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक घेतलं, तर एंटरप्राइजचं सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आणि गोशपी आवारी या पतीपत्नीने नेलं. इथला हंगाम उजेडावर ठरत नाही, पावसावर ठरतो. जून आला की होड्या वर ओढतात, दोरखंड सोडवतात, शिडं कोरडी करून गुंडाळून ठेवतात. सप्टेंबरच्या मध्यावर डन लेरीत सूर्य पावणेआठच्या आत मावळू लागतो आणि वॉटर वॅग पाण्याबाहेर येतात. साधारण त्याच सुमारास, नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर, मुंबईत होड्यांवरची ताडपत्री निघू लागते.