ज्येष्ठ कलावंतांचे मानधन: अर्ज सोपा, पुरावे जमवणे अवघड

राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा 5,000 रुपये मानधन देते. योजनेचे पूर्ण नाव ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना’. गावात एवढे लांब नाव कोणी घेत नाही. ‘कलावंत पेन्शन चालू झाली का?’ असेच विचारतात. ही योजना 1954-55 पासून आहे. पूर्वी कलावंतांची वर्गवारी व्हायची: राष्ट्रीय पातळीवरच्या ‘अ’ वर्गाला 3,150, राज्य पातळीवरच्या ‘ब’ वर्गाला 2,700 आणि स्थानिक ‘क’ वर्गाला 2,250 रुपये. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने ही उतरंड काढून टाकली आणि एप्रिल 2024 पासून सर्वांना सरसकट 5,000 केले. हे चांगले झाले. आयुष्यभर एकाच तालुक्यात संबळ वाजवणाऱ्याचे पोट काही ‘क’ वर्गाचे नसते.

संस्कृतीचा कारभार दिल्लीचा की मुंबईचा, हा गोंधळ अनेकांचा होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत नाट्यगृहे आणि नाट्यप्रयोग राज्य सूचीत आहेत (नोंद 33), तर राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके आणि संग्रहालये केंद्राकडे. त्यामुळे कलावंतासाठी दोन दारे आहेत. एक राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाचे, दुसरे केंद्रीय संस्कृती मंत्रालयाचे. आधी राज्याचे बघू, कारण बहुतेकांचे काम तिथेच होते.

कोणाला मिळते

वय 50 पूर्ण हवे. दिव्यांगांना दहा वर्षांची सवलत आहे, म्हणजे 40. महाराष्ट्राचा रहिवास हवा, कला किंवा साहित्याच्या क्षेत्रात किमान 15 वर्षांचे काम हवे आणि उपजीविका कलेवरच अवलंबून असलेली, किंवा पूर्वी असलेली हवी. जास्त वयाचे कलावंत, विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग यांना प्राधान्य आहे.

अडतात ते लोक उत्पन्नाच्या अटीपाशी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत हवे. महिन्याला 5,000, तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून. मुलगा कंपनीत कामाला असेल आणि दाखला एकत्र कुटुंबाचा निघाला, तर म्हातारा आपोआप अपात्र. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल, त्याची शिधापत्रिका वेगळी असेल, तर ते तलाठ्याला आधीच दाखवा. अहवाल एकदा वर गेला की दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. मर्यादा फार खाली ठेवली आहे असे माझे मत आहे. आज शेतमजुराचे घरही तिच्या वर जाते.

दुसरी अट बऱ्याच जणांना माहीत नसते. केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या कोणत्याही नियमित मासिक पेन्शनचा लाभ चालू नसावा. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यावर येत असतील, तर अर्जापूर्वी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारून घ्या. लपवून उपयोग नाही. सगळे आधार क्रमांकाला जोडलेले आहे.

कागदपत्रे

आधार कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचे पहिले पान, प्रतिज्ञापत्र, असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आणि विवाहितांसाठी पती-पत्नीचा एकत्र फोटो. हे सगळे आपले सरकार सेवा केंद्र आणि तहसील कचेरीच्या दोन-चार फेऱ्यांत जमते. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे ना, एवढे पाहा. शासकीय कामासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालते. कोणी स्टॅम्प पेपरचे पैसे मागितले तर हे सांगा.

खरा घाम फुटतो तो पंधरा वर्षांच्या पुराव्याला. लोककलावंताचे जग तोंडी व्यवहाराचे. सुपारी ठरते, विडा-नारळ होतो, रात्र रंगते, पहाटे पैसे हातात पडतात. पावती कोण मागणार? तरीही कागद कुठे ना कुठे असतोच, तो शोधावा लागतो.

तमाशा कलावंतांनी फडमालकाकडे जावे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपाऱ्या देतात. त्या करारावर फडाचे नाव असते, कलावंताचे नसते. म्हणून कराराची प्रत आणि सोबत ‘ही व्यक्ती अमुक सालापासून अमुक सालापर्यंत आमच्या फडात होती’ असे मालकाचे पत्र, अशी जोडी लावावी. नुसते पत्र कमजोर पडते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नटांचे थोडे बरे आहे. तिथल्या वडशाच्या नाटक मंडळ्या नाटकाची पत्रके आणि फलक छापतात, त्यावर नटांची नावे असतात. दशावतारी नटाने मंडळाच्या मालकाबरोबर ज्या देवस्थानाच्या जत्रेला वर्षानुवर्षे नाटक होते, त्या देवस्थान समितीचेही पत्र घ्यावे.

कीर्तनकार, गायनाचार्य आणि मृदंगाचार्य यांचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहाची छापील पत्रिका. तिच्यावर साल असते, तिथी असते, गाव असते आणि साथसंगतीतल्या प्रत्येकाचे नाव असते. या पत्रिका लोक रद्दीत टाकतात, पण सप्ताह समितीच्या जुन्या पदाधिकाऱ्याच्या पेटीत हमखास सापडतात. आकाशवाणीवर गायले-वाजवले असेल तर तिथले करारपत्र सोन्यासारखे जपा. साहित्यिकांनी पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि प्रकाशनवर्षाचे पान, दोन्हींच्या प्रती जोडाव्यात.

पुरावे पंधरा वर्षांत पसरलेले हवेत. एकाच वर्षाची वीस प्रशस्तिपत्रे जोडणारे अर्ज वजनदार दिसतात, पण त्यातून पंधरा वर्षे सिद्ध होत नाहीत. दर दोन-तीन वर्षांमागे एक कागद असला तरी कामाची सलग रेघ दिसते. मानसन्मान, पुरस्कार आणि नामांकित संस्था किंवा व्यक्तींची शिफारसपत्रे यांनी बळ मिळते. राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या कलावंताचे पत्र असेल तर उत्तम.

आणि नाव. हा घोळ तमाशा-लावणीतल्या बायकांच्या बाबतीत फार. पत्रकावर गावावरून पडलेले ‘सांगलीकर’, ‘नगरकर’ असे नाव, आधारवर मात्र माहेरचे किंवा सासरचे वेगळेच आडनाव. छाननी करणाऱ्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्याला दोष देता येत नाही. ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे’ असे प्रतिज्ञापत्र करून सर्व पुराव्यांच्या वर लावा. शाहिरांनी आणि टोपणनावाने लिहिणाऱ्यांनीही तेच करावे.

अर्ज आणि निवड

आता अर्ज ‘महाकलासन्मान’ या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. आधार आणि मोबाइल क्रमांक आधीपासून जोडलेले हवेत, नाहीतर गाडी पहिल्याच पानावर अडते. घरात कोणाला जमत नसेल तर पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. कागद स्कॅन करताना पत्रिकेवरचे आपले नाव पेनाने गोल करून ठेवावे. शेकडो अर्ज चाळणाऱ्याची नजर तिथे जायला हवी.

निवड जिल्हास्तरीय समिती करते. एका जिल्ह्यातून वर्षाला 100 जण घेतले जातात. पूर्वी हा आकडा 60 होता. म्हणजे पात्र असूनही पहिल्या वर्षी नाव न लागणे शक्य आहे. तसे झाले तर अर्ज नामंजूर झाला की प्रतीक्षेत राहिला, हे विचारून घ्या. दोन्हींत फरक आहे. नामंजूर असेल तर कारण लेखी मागा. मंजूर करून देतो म्हणणारा कोणी ‘साहेबांचा माणूस’ भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की मानधन थांबते आणि पुन्हा सुरू करायला महिने जातात. लाभार्थ्याच्या निधनानंतर मानधन पती किंवा पत्नीला मिळू शकते. अर्जात एकत्र फोटो मागतात तो यासाठीच. मृत्यूचा दाखला आणि मूळ मंजुरीचा क्रमांक घेऊन जिल्हा परिषदेत लवकर जावे.

दिल्लीचे दार

केंद्राची ज्येष्ठ कलावंत अर्थसाहाय्य योजना वेगळी आहे. तिथे वय 60, वार्षिक उत्पन्न 72,000 पर्यंत आणि मदत जास्तीत जास्त दरमहा 6,000. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकण्याआधी वरची ‘दुसरी पेन्शन नसावी’ ही अट आठवा.

हाताखाली शिष्य घडवणाऱ्या संस्थांना गुरू-शिष्य परंपरेचे अनुदान आहे. ते मानधन गुरू आणि शिष्य दोघांनाही मिळते. तरुणांसाठी 18 ते 25 वयोगटात दरमहा 5,000 ची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, तर 25 ते 40 वयाच्यांना कनिष्ठ (10,000) आणि 40 च्या पुढच्यांना वरिष्ठ (20,000) अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप, याही दोन वर्षांच्याच. यांच्यासाठी संशोधनाचा किंवा कामाचा आराखडा लिहून द्यावा लागतो. जाहिरात निघते तेव्हाच अर्ज घेतले जातात आणि मुदत थोडी असते, म्हणून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अधूनमधून नजर टाकत राहा.