डोपेलबॉक: साखर न घालता हा गोडवा येतो कुठून?

ग्लास नाकाशी नेला की आधी खरपूस भाजलेल्या पावाच्या कडेचा वास येतो, मागोमाग कॅरॅमल आणि मनुका. यात नक्कीच काकवी घातली असणार, असं वाटावं इतका गोडसर. पण म्युनिकच्या डोपेलबॉक या बिअरमध्ये असतं फक्त बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे), हॉप्स ही कडवट फुलं, यीस्ट आणि पाणी.

ईस्टरआधीचा उपवासाचा काळ हा म्युनिकमध्ये या कडक बिअरचा हंगाम. तिथल्या पाउलानर मठातले संन्यासी सतराव्या शतकापासून बिअर बनवत. त्यांच्या परंपरेतली ‘साल्वाटोर’ आजही मिळते, अल्कोहोल ७.९ टक्के.

खरी करामत भट्टीत होते. मोड आलेली बार्ली वाळवताना फिक्या माल्टला शेवटी साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसची धग देतात, डोपेलबॉकसाठीच्या म्युनिक माल्टला १०० अंशांच्या आसपास. या उष्णतेत दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया. तव्यावरच्या भाकरीला पडणारे तपकिरी डागही तिचेच. तिच्यातून तांबूस रंग येतो आणि तो खरपूस दरवळही.

शिवाय माल्टही सढळ हाताने वापरतात. साध्या लागर बिअरसाठी यीस्ट घालण्याआधीच्या पाण्यात माल्टचा अर्क ११-१२ टक्के असतो, इथे १८ किंवा जास्त. यीस्ट त्यातली बरीच साखर खातं, पण डेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, त्याला पचत नाहीत. त्या फारशा गोड नसतात, बिअरला दाटपणा मात्र देतात. डोपेलबॉकही लागरच; लागरचं यीस्ट १० अंशांच्या आसपास संथपणे काम करतं, फळांसारखे वास कमी सोडतं, म्हणून माल्टचा वास झाकला जात नाही.

घोट घेताना नाक चिमटीत धरून पाहा. मनुका, पाव, कॅरॅमल सगळं गायब. उरतो थोडा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा. नाक सोडलं की सगळं परत येतं. हे सुगंधी रेणू गारठ्यात बिअरमधून नीट उडत नाहीत, त्यामुळे फ्रिजमधून काढून लगेच पिणं हा डोपेलबॉकवर अन्यायच आहे. ती १० अंशांपर्यंत येऊ द्यावी.

आणि घशातली ती ऊब? मिरचीने पेटणारा, चेतातंतूंवरचा उष्णता टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) एरवी सुमारे ४२ अंशांना जागा होतो. अल्कोहोल ही मर्यादा ३४ पर्यंत खाली आणतं. शरीराचं तापमान ३७, म्हणून गार घोट गिळल्यावरही घसा ऊबदार लागतो.