नाथसागरावरील हिवाळी पाणपक्षी-नोंद आणि कडीवाले कुरव

पैठणच्या जायकवाडी जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, हिवाळ्यात उतरणाऱ्या पाणपक्ष्यांची मोजणी करणे, त्यांपैकी कोणाच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेले कडे किंवा गळ्यात पट्टी आहे का ते शोधणे आणि त्यावरची अक्षरे वाचून ती कडे घालणाऱ्या संस्थेला कळवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. दिवाळीच्या आगेमागे ते सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. बदके, पट्टकादंब, रोहित, चिखल्या, तुतवार असे अनेक पाहुणे येथे येत असले, तरी कडी वाचायला कुरव (इंग्रजीत गल) सर्वांत सोयीचा. तो उघड्यावर बसतो, बराच वेळ एका जागी उभा राहतो आणि मासेमारांची सवय असल्यामुळे माणसाला बदकांइतका बुजत नाही.

गोदावरीवरच्या या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. मूळ विचार बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा होता. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिले. जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. त्याची लांबी सु. ५५ किमी. व रुंदी सु. २७ किमी. असून पाण्याचा पसारा छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत आहे. १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

जमीन सपाट असल्याने हा जलाशय उथळ आहे, आणि पक्षी-नोंदीच्या दृष्टीने त्याचा हा सर्वांत महत्त्वाचा गुण होय. डोंगरातल्या धरणात पाणी दोन फुटांनी उतरले तर काठ जेमतेम चार पावले मागे जातो. नाथसागरात तेवढ्याच उताराने लांबच लांब चिखलपट्टा उघडा पडतो. तुतवार, शेकाटे, चमचे, चित्रबलाक यांना हवे असते ते हेच घोट्याएवढे पाणी. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट असते. अशा वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला चिखल जवळजवळ नसतोच आणि चिखलातले पक्षी कमी दिसतात. २०१५-१६ सारख्या दुष्काळी हंगामात धरण मृतसाठ्याच्या खाली गेले होते. तेव्हा उरलेल्या पाण्याभोवती पक्षी दाटतात आणि आकडा फुगलेला दिसतो. त्यावरून पक्षी वाढले असे लिहिणे चूक ठरेल. म्हणून येथल्या प्रत्येक मोजणीच्या कागदावर तारीख, वेळ, ठिकाण यांच्या जोडीला त्या दिवशीची पाणीपातळी हवीच. धरण किती टक्के भरले हे पैठणमध्ये चहाच्या टपरीवरही कळते. तरीही वहीत ते लिहायचे राहून जाते, आणि मग दहा वर्षांचे आकडे हाताशी असूनही त्यांची आपसात तुलना करता येत नाही.

कडी सापडणेही पाण्यावरच अवलंबून असते. पाणी भरपूर असेल तर कुरव तरंगत राहतात आणि पाय दिसत नाहीत. पाणी ओसरून दगड, मातीचे उंचवटे आणि बुडालेल्या बांधांची डोकी वर आली की ते त्यांवर रांगेने उभे राहतात. तेव्हा एखाद्या हंगामात जास्त कडी वाचली गेली याचा अर्थ कडीवाले पक्षी जास्त आले असा होत नाही. यावर उपाय साधा आहे : किती कुरवांचे दोन्ही पाय नीट पाहिले तेही लिहावे. दीडशे कुरवांचे पाय पाहिले, एकातही कडे नाही, ही पक्की नोंद आहे. ती रिकामी फेरी समजून वहीत न उतरवणे हे या कामातले मोठे नुकसान होय.

नाथसागरावर दोन कुरव प्रामुख्याने दिसतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. नवख्याला ही नावे फसवतात, कारण हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. डोळा पाहावा : पूर्ण वाढ झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळे फिकट, दुसऱ्याची गडद. उडताना पंख पाहावेत : पहिल्याच्या काळ्या पंखटोकात पांढरे ठिपके असतात, तर दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी चमकते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि पामीरच्या उंच तळ्यांवर वीण घालतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा विणीचा प्रदेश युरोपपासून मंगोलियाच्याही पलीकडे पसरलेला आहे. त्यामुळे त्याच्या पायात कडे दिसले, तर ते कोणत्या देशातले असेल याचा अंदाज नुसत्या पक्ष्यावरून बांधता येत नाही.

कडे वाचण्याची वेळ पहाटेनंतरची. कायगाव टोक्याला, प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तिथे, जानेवारीत सूर्य वर येईपर्यंत हवा स्थिर असते. नऊ-साडेनऊनंतर चिखलावरून ऊन तरळू लागते आणि दुर्बिणीत अक्षरे पाण्यासारखी हलतात. तिवईवर बसवलेला स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण), सूर्य पाठीशी आणि गुडघे टेकून बसलेला माणूस, एवढी तयारी पुरते. कुरव एका पायावर उभा असतो, दुसरा पोटाच्या पिसांत. कडे नेमके त्या मिटलेल्या पायात असू शकते, म्हणून थांबावे लागते. दहा मिनिटांनी तो पाय खाली टेकतो, अंग झटकतो, आणि क्षणभर पिवळी किंवा पांढरी पट्टी झळकते. प्लॅस्टिकच्या रंगीत कड्यावरचा संकेत मोठा असतो आणि कड्याभोवती पुन्हा पुन्हा छापलेला असतो. शंभर-दीडशे मीटरवरून तो वाचता येतो. धातूच्या कड्यावरचे आकडे मात्र बारीक असतात. पक्षी वळेल तसे निरनिराळ्या बाजूंनी फोटो घ्यायचे आणि घरी ते आकडे जुळवायचे. अ‍ॅल्युमिनियमचे कडे पाण्या-वाळूत झिजते, म्हणून दीर्घायुषी पाणपक्ष्यांसाठी पोलादी कडी वापरली जातात. काळ्या डोक्याचा कुरव तीस वर्षांहून अधिक जगल्याचे कड्यांमुळेच कळले आहे.

नोंदीत चुका होतात त्या ठरावीक जागी. पक्षी आपल्याकडे तोंड करून उभा असेल, तर त्याचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो. नोंद पक्ष्याच्या डाव्या-उजव्याने करायची. पायात मागे दुमडणारा जो सांधा दिसतो त्याला सगळे गुडघा म्हणतात, पण तो घोटा आहे. खरा गुडघा पिसांत दडलेला असतो. कडे त्या सांध्याच्या वर की खाली, कड्याचा रंग कोणता, अक्षरांचा रंग कोणता, दुसऱ्या पायात काय आहे, हे सगळे लागते. रोमन अक्षरांत ‘ओ’ की शून्य, ‘बी’ की आठ, असा संशय आला तर त्या जागी प्रश्नचिन्ह टाकावे. अंदाजाने भरलेले एक अक्षर भलत्याच पक्ष्याला नाथसागरावर आणून ठेवते. पक्क्या नोंदीच्या उत्तरात त्या पक्ष्याचा इतिहास येतो : तो कुठे पकडला, कोणत्या वर्षी, तेव्हा पिल्लू होता की मोठा, मधे कोणाला दिसला.

पक्ष्यांना शास्त्रीय पद्धतीने कडी घालण्याची सुरुवात १८९९ मध्ये डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथे हान्स मॉर्टेन्सेन या शिक्षकाने केली. त्याचे पक्षी होते स्टार्लिंग, आपल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे भाऊबंद. भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ पासून केले आणि १९५९ नंतर सालिम अली यांच्या पुढाकाराने ते फार मोठ्या प्रमाणावर झाले. त्यात बिहारच्या मीरशिकारांचे पक्षी पकडण्याचे पिढीजात कसब कामी आले. या संस्थेच्या कड्यांवर क्रमांकाबरोबर ‘संस्थेला कळवा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. पक्षी पकडून कडे घालायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार परवानगी लागते. दुरून वाचणे कोणालाही करता येते, अभयारण्याचे नियम पाळून.

पट्टकादंबांची गोष्ट निराळी. हिमालय ओलांडणारा हा हंस ७,२९० मी. उंचीवर उडताना नोंदवला गेला आहे. मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतातल्या तळ्यांवर पुन्हा दिसलेले आहेत. गळपट्टी पोहतानाही दिसते, त्यामुळे पाणीपातळीची अडचण येथे कमी. हे पक्षी काठावरच्या गाळपेर जमिनीतल्या हरभऱ्यात आणि गव्हात चरायला उतरतात. शेतकऱ्याचे त्यात नुकसान होते हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बांधावरच्या माणसाशी रामराम न करता शेतात तिवई रोवणाऱ्याला दुसऱ्या वर्षी तिथे कोणी उभे करत नाही.

मुख्य मोजणी जानेवारीत होते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत अनेक देशांत घेतली जाते, आणि त्याच सुमारास नाथसागरावर मोजल्यास आकडे तिच्याशी जोडता येतात. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढी जागा नजरेत धरायची, मग शंभराचा गठ्ठा, मग तो गठ्ठा थव्यावरून पुढे सरकवायचा. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांचे थवे यासाठी चांगला सराव देतात. कुरवांची मोजणी मात्र संध्याकाळी करावी, कारण दिवसभर विखुरलेले कुरव रातथाऱ्याला एकत्र येतात. मासेमारांचे चप्पू जाळी ओढून परततात तेव्हा त्यांच्यामागे कुरवांचा घोळका असतो; तो दोनदा मोजला जाऊ नये. जलाशयावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव पुढे आल्यापासून कोणत्या भागात कोणता पक्षी बसतो याच्या जागावार नोंदींची गरज अधिकच वाढली आहे.

फोटोसाठी कुरवांना शेव-फरसाण टाकण्याची चाल अनेक पाणवठ्यांवर पडली आहे. युरोपात कडी वाचणारेही पावाचे तुकडे टाकून पक्षी जवळ बोलावतात. येथे ते करू नये. कुरवांना बर्ड फ्लूची लागण होऊ शकते, आणि परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा येथे जानेवारी २०२१ मध्ये कोंबड्यांत तो रोग आढळला होता. मेलेला पक्षी दिसल्यास हात न लावता फोटो काढावा, कडे असल्यास तेही फोटोत घ्यावे आणि वनविभाग व पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

नाथषष्ठीच्या सुमारास कुरवांची डोकी गडद होऊ लागतात. आधी ठिपके, मग चट्टे, मग पूर्ण टोपी. या दिवसांत पाणी उतरलेले असते आणि पाय मोकळे दिसतात, म्हणून कडी वाचायला शेवटचे दोन-तीन आठवडे उत्तम. एप्रिलमध्ये कुरव निघून जातात आणि उघड्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. अशा बेटांवर तेव्हा पाय ठेवू नये. अंडी वाळूच्याच रंगाची असतात.