मृत्यूच्या तपासात परिचारिका कशी आली

इंग्लंडमध्ये ११९४ साली कोरोनरचे, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे, पद निर्माण झाले, ते राजाच्या उत्पन्नावर लक्ष ठेवण्यासाठी. मृत्यू आत्महत्या ठरला तर मृताची मालमत्ता राजाकडे जमा होई, म्हणून नोंद हवी होती. कोरोनरला वैद्यकाचे ज्ञान असण्याची अट नव्हती. इंग्रजांबरोबर ही पद्धत अमेरिकेत गेली आणि तिथे कोरोनर मतदानाने निवडला जाऊ लागला. मॅसॅच्युसेट्सने १८७७ मध्ये कोरोनरऐवजी डॉक्टर, म्हणजे मेडिकल एक्झामिनर नेमले. न्यूयॉर्क शहराने १९१८ मध्ये.

डॉक्टर आले तरी एक जागा रिकामीच राहिली. शवविच्छेदन करणारा शवागारात आणि घटनास्थळी फक्त पोलीस. मृतदेह पालथा सापडला, पण मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साकळल्याचे जांभळे डाग पाठीवर असतील, तर तो नंतर हलवलेला असतो. हे डाग साधारण ८ ते १२ तासांत पक्के होतात आणि मग जागा बदलत नाहीत. उशाशी असलेल्या औषधाच्या बाटलीवरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशेबही कुणीतरी घालावा लागतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात डॉ. जॉन बट यांनी १९७५च्या सुमारास या कामावर परिचारिका नेमल्या. शरीर, औषधे, केसपेपर आणि शोकात असलेल्या नातेवाइकांशी बोलणे, या चारही गोष्टी त्यांना आधीच येत होत्या. इतकी साधी गोष्ट सुचायला आठ शतके लागावीत, याची खंत वाटते.

त्याच दशकात अमेरिकेतल्या मेम्फिस आणि मिनियापोलिस इथे लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या तपासणीसाठी परिचारिका तयार होऊ लागल्या. परिचारिका व्हर्जिनिया लिंच यांनी टेक्सासमध्ये हे दोन्ही प्रवाह एका विषयात आणले. १९९२ मध्ये अशा परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९९५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने फॉरेन्सिक नर्सिंगला, म्हणजे तपासाला मदत करणाऱ्या या परिचर्येला, मान्यता दिली.

वॉर्डातली सवय मात्र आजही आडवी येते. रुग्ण दगावला की नळ्या काढायच्या, अंग पुसायचे, मग नातेवाइकांना बोलवायचे. यामागे मायाच असते. पण संशयास्पद मृत्यूत नळ्या जागेवरच ठेवाव्या लागतात. नाहीतर सुईची खूण उपचाराची की इजेची, हे सांगता येत नाही. कपडे कापताना गोळीच्या किंवा सुऱ्याच्या छिद्रातून कात्री नेऊ नये. प्रत्येक कपडा वाळवून वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा; प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. मृताच्या हातांनाही कागदी पिशव्याच बांधाव्यात. प्रत्येक पिशवीवर कोणी, केव्हा, कोणाच्या ताब्यात दिले ते लिहावे. आणि दाखल होताना घेतलेला पहिला रक्तनमुना प्रयोगशाळेला लगेच फोन करून राखून ठेवायला सांगावा. रक्त आणि सलाइन चढवल्यावर विषाचे मूळ प्रमाण पुढच्या नमुन्यातून कळत नाही, आणि जुने नमुने काही दिवसांत टाकून दिले जातात.